व्याह्यांची बोर्दो

खेमराज लांजेवारांनी ती बाटली ईश्वरदास कापगत्यांच्या हवाली केली ती दोन्ही हातांनी, आणि वर "सांभाळा हं हिला" असं म्हणाले. आता मुलीचे बाप होते ईश्वरदास. "सांभाळा हं हिला" हे वाक्य त्यांच्या वाट्याचं, आणि तेही पाठवणीच्या वेळचं. इथे लग्नाचा पत्ता नाही, नुसती पहिली बोलणी झालेली, आणि मुलाचा बापच आवंढा गिळत बाटलीची पाठवणी करतो आहे! पण पडले मुलीकडचे. ईश्वरदासांनी बाटली घेतली, शालीत गुंडाळली आणि नागपूर ते गोंदिया मांडीवर घेऊन बसले. समोरच्या बाकावरच्या बाईंनी आधी शालीतून डोकावणाऱ्या बुचाकडे पाहिलं, मग ईश्वरदासांच्या कपाळावरच्या गंधाकडे पाहिलं, आणि आपल्या मुलाला उचलून पलीकडे बसवलं. बत्तीस वर्षांच्या सरकारी नोकरीत ईश्वरदासांचा असा अपमान कोणी केला नव्हता.

त्याचं असं झालं, की ईश्वरदासांची नूतन आणि लांजेवारांचा राजदीप पुण्यात एकाच कंपनीत कामाला. दोघांचं एकमेकांवर मन बसलं. जात एक, गोत वेगळं, पगार सारखे, दोन्ही घरं कोहळी समाजाची, म्हणजे विरोध करायला कोणाला जागाच नव्हती. तरी विरोध करायची सोय लांजेवारांनी करून ठेवली होती. हे गृहस्थ बारा वर्षांपूर्वी कंपनीच्या खर्चाने अकरा दिवस फ्रान्सला गेले होते, आणि अजून पुरते परत आले नव्हते. नागपुरात राहून ते वाईनमधले जाणकार झाले होते. "माणसाची पारख मी तो वाईन कशी वाढतो यावरून करतो," असं ते चारचौघांत सांगत आणि चारचौघं उठून जाईपर्यंत सांगत राहत. राजदीपला आधी अमरावतीचं एक स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांनी कौतुकाने लांजेवारांच्या वाईनमध्ये बर्फ टाकला आणि वरून सोडा ओतला. लांजेवार पोह्यांची बशी तशीच ठेवून उठले. स्थळ मोडलं.

"बाबा," नूतन फोनवर म्हणाली, "मे महिन्यात ते आपल्याकडे येतील आणि ती बाटली आपल्याच घरी उघडतील. ही परीक्षा आहे. माझी नाही, तुमची. तुम्ही नापास झालात तर राजदीप वडिलांपुढे एक शब्द बोलणार नाही, मला माहीत आहे. प्लीज बाबा."

ईश्वरदास म्हणाले, "बेटा, तू काळजी करू नको." हे म्हणताना ते स्वतः घामाघूम झाले होते, पण ते फोनवर दिसत नाही.

ईश्वरदासांबद्दल एवढंच सांगितलं पाहिजे, की ते पाटबंधाऱ्याच्या कचेरीत वरिष्ठ लिपिक होते आणि दारूचा थेंब त्यांनी कधी जिभेला लावला नव्हता. तलावाच्या पाळीवर टाकायच्या मुरमाचा नमुना साहेबांनी एकदा मंजूर केला, की त्यात मूठभर मातीचा फरक त्यांनी कधी चालू दिला नाही. ठेकेदार त्यांना वचकून असत. शिवाय खानदानाचा अभिमान होता. "आमच्या पूर्वजांनी गावोगाव तळी बांधली. पाणी साठवावं कसं हे जगाने कापगत्यांकडून शिकावं. आम्हाला एक बाटली साठवता येणार नाही?" असं ते म्हणाले. आणि तिथेच त्यांचं चुकलं.

बोर्दो या फ्रेंच लाल वाईनच्या त्या बाटलीच्या गळ्यात लांजेवारांनी स्वतः टाइप केलेलं एक कार्ड बांधलं होतं. बाटली आडवी ठेवावी. अंधारात ठेवावी. थंड जागी ठेवावी. हलवू नये. वाढण्याआधी तासभर उघडून ठेवावी, म्हणजे ती श्वास घेईल. पातळ काचेच्या, उंच दांड्याच्या प्याल्यात, रूम टेम्परेचरला वाढावी. हे शेवटचं कलम लिहिणाऱ्याने आमच्या गोंदियाच्या मुर्रीतली रूम मे महिन्यात पाहिलेली नसावी. आमच्याकडे मे महिन्यात रूम टेम्परेचरला माणूस शिजतो, वाईनचं काय घेऊन बसलात!

ईश्वरदासांच्या पत्नी चंद्रकांताबाईंनी चष्मा लावून बाटली वाचायचा प्रयत्न केला. फ्रेंच काही लागलं नाही, आकडा लागला.

"अजी, हे तर दोन हजार नऊची हाये. मंजे एक्स्पायरी होऊन गेली असन नं!"

"जुनी जितकी, तितकी चांगली असते."

"कोन सांगते?"

"लांजेवारसाहेब."

"तेयच्याच घरची हाये, तर ते सांगतीनच. जुनं लोणचं आपनही असंच खपवतो."

शेजारी योगराज पटले राहत. निवृत्त विज्ञान शिक्षक. निवृत्त झाल्यापासून शिकवायला कोणी उरलं नव्हतं, त्यामुळे सल्ला अंगात साचलेला. ते रात्रभर मोबाइलवर वाईनचे व्हिडिओ पाहून सकाळी हजर झाले. "कापगते, मुख्य शत्रू कंपन," ते म्हणाले. "तुमच्या घरामागून मालगाडी जाते. प्रत्येक मालगाडीला वाईनचा तळचा गाळ हलून राहिला. हे बरोबर नाही." मग दोघांनी बाटली घरभर फिरवून, जमिनीवर पाण्याची वाटी ठेवून, कुठल्या खोलीत मालगाडीने पाणी कमी हलतं याची पाहणी केली. या पाहणीत बाटली जेवढी हलली तेवढी फ्रान्सहून येताना हलली नसेल. अखेर निष्कर्ष निघाला, की धानाची कोठी. अंधार आहे, गारवा आहे, धानाच्या गादीवर कंपन पोचत नाही. ईश्वरदासांनी बाटली कोठीत आडवी निजवली, वर चार पायली धान पांघरलं आणि समाधानाने कचेरीत गेले.

चौथ्या दिवशी चंद्रकांताबाई धान काढायला गेल्या आणि हाताला बाटलीचा गळा लागला.

"लक्ष्मीच्या कोठीत दारू झोपवली!" त्या ओरडल्या त्या तीन घरांपलीकडे ऐकू गेल्या. "तुमच्या बापजाद्यानं तरी केलं होतं का असं? काढा! आत्ताच्या आत्ता काढा! नाही तर या घरात एक तर कोठी राहीन, नाही तर बाटली!"

कोठी राहिली. हे धान पुढे सव्वा महिना त्यांनी देवाच्या नैवेद्याला वापरलं नाही, पण नवऱ्याच्या ताटात मात्र वाढलं.

दुसरी जागा योगराजगुरुजींनीच काढली. कूलर! खालच्या टाकीत पाणी, चारी बाजूंनी ओल्या गवताच्या जाळ्या, अंधार, आणि बर्फाशिवाय गारवा. बाटली टाकीच्या तळाशी आडवी ठेवली. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एका दुपारी पारा सेहेचाळीसवर असताना कूलरने एकदम पाणी ओढायचं बंद केलं. पंप उघडला तर आत गाळणीला एक कागद चिकटलेला. बाटलीचं लेबल! बाटली तळाशी हिरवीगार, गुळगुळीत, कुठल्याही रॉकेलच्या बाटलीसारखी निरागस पडलेली.

आता बिनलेबलाची बाटली पाहुण्यांपुढे ठेवायची म्हणजे बिनपत्रिकेची मुलगी पुढे करण्यासारखं. ईश्वरदासांनी लेबल सतरंजीखाली दाबून वाळवलं आणि फेव्हिकॉलने हलक्या हाताने परत चिकटवलं. फेव्हिकॉल वाळल्यावर योगराजगुरुजी आले, त्यांनी मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाले, "कापगते, हे उलटं लागलं नं." ईश्वरदासांना फ्रेंच दोन्ही बाजूंनी सारखीच येत होती, त्यांचा काय दोष? काढायला गेले तर कोपरा फाटायला लागला. राहू दिलं.

इतका वेळ ईश्वरदासांच्या मनाला दुसराच एक किडा पोखरत होता. दारू घरात ठेवायला परवाना लागतो असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. बत्तीस वर्षं बिनपरवान्याचं मांजर ज्यांनी पाळलं नाही, ते बाटली पाळतील? ते दारूबंदीच्या कचेरीत गेले. दारू प्यायची परवानगी दारूबंदीच्या कचेरीतून मिळते, यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. सरकारी नोकराला वाटत नाही. तिथला कारकून भला माणूस होता. त्याने सांगितलं, की अर्ज ऑनलाइन आहे, घरबसल्या होतो, पाच मिनिटांचं काम. पण पाच मिनिटांत होणाऱ्या कामावर ईश्वरदासांचा विश्वास नव्हता. त्यांनी अर्जाला सात जोडपत्रं लावली. बाटलीचा फोटो, लेबलाचा वेगळा फोटो, लेबलाचं योगराजगुरुजींनी केलेलं मराठी भाषांतर, नूतनची पत्रिका, आणि 'कारण' या रकान्यात "कन्येचा विवाह" असं लिहिलं. अर्ज परत आला. परवाना आरोग्याच्या रक्षणासाठी असतो, कन्येच्या विवाहासाठी नाही.

"साहेब," कारकून हात जोडून म्हणाला, "इथं लोक पेटीच्या पेटी रिचवतात, कोणी विचाराले येत नाही. तुम्ही एका बाटलीसाठी चौथ्यांदा येऊन राहिले. काऊन जी स्वतःले त्रास करून घेता? आरोग्य लिहा नं!"

"पण मला काही आजार नाही."

"होईन," कारकून म्हणाला.

ईश्वरदासांनी जड मनाने आरोग्य लिहिलं. खोटी नोंद केल्याचा त्यांच्या आयुष्यातला हा पहिला प्रसंग. त्या रात्री ते जेवले नाहीत.

उरले प्याले. उंच दांड्याचे, पातळ काचेचे. घरात होते ते स्टीलचे पेले आणि नूतनच्या बारशाला आलेले सहा कप. मागच्या गल्लीतले मुन्नालालजी लग्नात केटरिंग करत. त्यांना सांगताच ते म्हणाले, "अरे कापगतेजी, बस इतनी सी बात? फ्रेंच गिलास है अपने पास!" आणि त्यांनी एक खोकं पाठवून दिलं. आत आइस्क्रीमचे कप निघाले. दांडा होता हे मान्य केलं पाहिजे. कडेला फुलाच्या पाकळ्यांसारख्या लाटा होत्या आणि तळाला कुठल्या तरी लग्नातला पिस्ता चिकटलेला होता.

रविवार उजाडला. लांजेवार मंडळी चारला येणार होती. नूतन आदल्या दिवशीच आली होती आणि सकाळपासून बापाकडे पेपर लिहायला बसलेल्या पोराकडे पाहावं तसं पाहत होती. मुलीचे मामा म्हणून चंद्रकांताबाईंचे थोरले भाऊ सुकराम गावाहून आले होते. सोबत आंब्याची पिशवी, आणि एक प्लास्टिकची कॅन. ती गुडघ्याला चोळायला. सुकराममामांचे गुडघे बाहेरून कमी आणि आतून जास्त दुखत, हे सगळ्या घराला ठाऊक होतं आणि कोणी बोलत नसे. मोहाचा हंगाम नुकताच आटोपला होता, तेव्हा औषध ताजं होतं.

दोन वाजता ईश्वरदासांनी कार्ड वाचलं. तासभर श्वास घेऊ द्यायचा. म्हणजे उघडायला हवी. उघडायला गेले, तेव्हा बूच आत गच्च, आणि ते काढायचा पेचकस म्हणून जो काही असतो तो घरात नाही. योगराजगुरुजी म्हणाले, व्हिडिओत एक माणूस बुटात बाटली घालून भिंतीवर आपटतो. चंद्रकांताबाई म्हणाल्या, भिंत नुकतीच रंगवली. सुकराममामांनी बाटली हातात घेतली, बुचावर टिचकी मारली.

"जवाईबापू, हे बूच नाही, खुटा हाये. गिरमिट आना."

शेजारच्या सुताराकडून गिरमीट आणलं. मामांनी बाटली गुडघ्यांत धरली आणि नांगराच्या लाकडाला पाडावं तसं भोक पाडायला घेतलं. अर्धं बूच भुगा होऊन आत गेलं, उरलेलं फटकन बाहेर आलं, आणि त्यामागोमाग दोन हजार नऊ सालची बोर्दो कारंज्यासारखी उडाली. मामांचं धोतर, गुरुजींचा चष्मा, नवी भिंत. चंद्रकांताबाईंच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि असं तीस वर्षांत प्रथमच घडलं. उरलेली वाईन बुचाचा भुगा काढायला चहाच्या गाळणीतून पातेल्यात गाळली. मोजली तर बाटलीचा तिसरा हिस्सा गेला होता.

"बाबा!" नूतन रडायच्या बेताला आली. "त्यांना वाटेल तुम्ही आधीच प्यायलात!"

ईश्वरदासांनी पातेल्यातली वाईन पुन्हा एकदा मोजली.

सुकराममामा मात्र बोटाला लागलेली चव घेत गंभीर झाले होते. "जवाईबापू, एक गोष्ट इचारू? येच्यात जोर काऊन नाही? आंबट लागते, तोंड सुकवते, पन घशात काहीच नाही."

"वाईन अशीच असते," गुरुजी म्हणाले.

"अशीच कशी? पेट घेते का पाहून घेऊ."

आमच्याकडे ही जुनी रीत आहे. मोहाची दारू चांगली की पाणी घातलेली हे पाहायचं, तर पळीभर चुलीत फेकायची. पहिल्या धारेची असेल तर निळा भडका होतो. पाणी असेल तर चुर्र. ही परीक्षा सोपी, तिला कार्ड लागत नाही. कोणी अडवायच्या आत मामांनी पळीभर बोर्दो पेटत्या गॅसवर टाकली. चुर्र झालं. गॅस विझला.

चंद्रकांताबाईंनी काडी ओढून तो परत पेटवला.

"पानी," मामा म्हणाले. "नुसतं रंगाचं पानी. इवाई फसला, जवाईबापू. तेयले कोनी तरी तिकडं ठगवलं."

आता ईश्वरदासांच्या डोक्यात जे चाललं ते पाहा. बाटली फोडलेली. एक तृतीयांश गायब. उरलेल्यात पाणी. लेबल उलटं, म्हणजे कोणीतरी काढून लावलेलं, हे आंधळ्यालाही कळेल. उद्या कुठल्याही चौकशी समितीपुढे हे प्रकरण ठेवलं, तर समिती एकच निष्कर्ष काढेल, की मुलीच्या बापाने वाईन प्यायली, बाटलीत नळाचं पाणी भरलं आणि लेबल चिकटवलं! बर्फाने अमरावतीचं स्थळ मोडलं होतं. इथे तर तलावच ओतला होता.

"आता काय हो, सुकरामभाऊ?" त्यांनी विचारलं.

मामांनी कोपऱ्यातल्या कॅनकडे पाहिलं.

"नाही," ईश्वरदास म्हणाले.

"थोडीशीच. पयल्या धारेची हाये."

"अहो, बाटलीच्या परवान्यासाठी मी चार खेपा घातल्या! आणि त्यात ही... ही बिनपरवान्याची?"

"परवाना बाटलीचा मांगतला नं तुमी? बाटली तेच हाये."

ईश्वरदासांनी नूतनकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती. नियमाप्रमाणे चालून बत्तीस वर्षांत एक घर बांधून झालं होतं आणि चार ठेकेदार दुखावले होते, आणि आता पोरीचं लग्न नियमाप्रमाणे मोडायला आलं होतं. ते उठले आणि देवघराचा पडदा ओढून घेतला.

मामांनी ओतलं, गुरुजींनी ढवळलं, चंद्रकांताबाईंनी नरसाळं धरलं. अधूनमधून पळीभर गॅसवर टाकून पाहत होते. तिसऱ्या खेपेला निळा भडका झाला, मामांच्या भुवया थोड्या जळाल्या, आणि ते म्हणाले, "आता झाली फ्रान्सची." बाटली गळ्यापर्यंत भरली. बुचाचा उरलेला तुकडा वर दाबून बसवला.

चारला लांजेवार मंडळी आली. लांजेवार सुटात होते. त्यांच्या पत्नी अल्काबाई साध्या, हसऱ्या. राजदीप आला आणि नूतनकडे न पाहायचं इतकं कसून पाळत होता, की सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडेच गेलं.

लांजेवारांची नजर बाटलीवर पडली आणि थांबली.

"ईश्वरदासजी, लेबल उलटं?"

लांजेवारांनी बाटली उचलली, ओतायच्या कोनात तिरपी केली आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "अरे वा! म्हणजे ओतताना बाटली खाली वळते, तेव्हा पाहुण्याला लेबल सुलटं वाचता यावं! हे तर मी फ्रान्समध्येही पाहिलं नाही!"

"पाहुण्याची सोय पाहावी लागते," ईश्वरदास कसेबसे म्हणाले.

आइस्क्रीमच्या कपात वाईन आली. लांजेवारांनी कप फिरवला. पाकळ्यांमुळे थोडी सांडली. नाक आत घातलं आणि डोळे मिटले. मग घोट घेतला.

त्यांचा चेहरा कानापासून लाल व्हायला लागला. डोळ्यांत पाणी आलं. एक हात खुर्चीच्या दांड्याला घट्ट बसला. नूतनने राजदीपचा हात सगळ्यांदेखत धरला आणि तो सोडवायचं कोणाला सुचलं नाही. गुरुजी दाराजवळ सरकले.

"अहाहा," लांजेवार म्हणाले. आवाज आतून कुठून तरी आला. "ही... ही उघडलीय हो! फुलं... कुठली तरी रानातली. सुकवलेली. आणि मागून धूर. लाकडाचा. ओक!"

"ऐन," कोपऱ्यातून मामा म्हणाले. भट्टीला त्यांनी ऐनाची लाकडं लावली होती, त्यांना राहवलं नाही. चंद्रकांताबाईंनी त्यांच्या पायावर पाय दिला.

लांजेवारांनी दुसरा घोट घेतला, मग तिसरा. मग कप ठेवला आणि हळू आवाजात बोलायला लागले. "खरं सांगू? बारा वर्षं मी वाईन पितो. पुस्तकात लिहिलेलं असतं, इथे फुलं लागतात, इथे धूर लागतो. मला कधी काही लागलं नाही हो! सगळे म्हणायचे फुलं, तर मीही म्हणायचो फुलं. आज पहिल्यांदा लागली." त्यांनी डोळे पुसले, आणि ते पाणी नुसतं दारूच्या तेजीने आलं नव्हतं. "काय केलंत तुम्ही, ईश्वरदासजी?"

सुकराममामांनी तोंड उघडलं. ईश्वरदासांनी जन्मात खोटं उत्तर दिलं नव्हतं, आणि एकदा अर्जात लिहिलं तर ते जेवले नव्हते.

"काही नाही," ते म्हणाले. "आमच्या घरी आली, तर घरच्यासारखी वागवली."

"जमलं!" लांजेवार उभे राहिले, पाय जरा डगमगले, राजदीपने सावरलं. "ज्या घरात वाईनची एवढी माया, तिथली पोर माझ्या घरी आली पाहिजे. तुळशीचं लग्न झालं की बार उडवून टाकू!"

सगळे एकदम बोलायला लागले. नूतन आईच्या गळ्यात पडली. त्या गडबडीत अल्काबाईंनी नवऱ्याच्या कपातला तळचा घोट चाखला, थबकल्या, आणि पदर तोंडाला लावून चंद्रकांताबाईंच्या कानाशी आल्या.

"ताई, माझं माहेर अर्जुनीकडचं. मोहाचा वास मले कोनी शिकवावा लागत नाही."

चंद्रकांताबाईंनी बाटली पटकन पदराआड घेतली.

"भेऊ नका. बोलूही नका," अल्काबाई हसत म्हणाल्या. "बारा वर्षं या मानसाचं फुलं-फुलं आयकून माझे कान किटले. आज तेयले लागली, तर लागू द्या."

इथे गोष्ट संपायला हवी होती. शहाण्या माणसाची संपली असती. पण आठ-दहा दिवसांनी ईश्वरदासांच्या दारात नागपूरहून एक गाडी थांबली. ड्रायव्हरने सहा बाटल्यांचं खोकं उतरवलं आणि चिठ्ठी दिली. "प्रिय ईश्वरदासजी, या सहाही तुमच्याच घरी राहू द्या. तुमच्या हवेत काहीतरी आहे. लग्नात याच उघडू. आमच्या क्लबातले चार जाणकार मुद्दाम येणार आहेत. त्यांना मी सांगून ठेवलं आहे, चव अगदी तशीच मिळेल म्हणून. आता माझी अब्रू तुमच्या हाती."

त्याच दुपारी परवानाही आला. मोबाइलवर, अशोकस्तंभासकट. ईश्वरदास कापगते यांस, आरोग्याच्या रक्षणासाठी. ईश्वरदासांनी तो दोनदा वाचला, मग सहा बाटल्यांकडे पाहिलं. चंद्रकांताबाईंनी काही न विचारता धानाच्या कोठीचं झाकण उघडून दिलं. पोरीचं लग्न जमवून देणाऱ्या बाटलीला लक्ष्मीनेही हरकत घेऊ नये, असं आता त्यांचं मत झालं होतं.

सुकराममामांना फोन करावा लागला नाही. ते दुसऱ्या दिवशी स्वतःच आले, या खेपेला कॅन दोन होत्या. गुडघे बरेच दुखत असावेत. त्यांनी बाटल्या मोजल्या, मान हलवली आणि पाटावर बसून विचारलं, "मंग जवाईबापू, या टायमाले फ्रान्स किती ठेवाचा अन् मोह किती?"

ईश्वरदासांनी चष्मा पुसला, नाकावर ठेवला आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "मागच्याइतकाच. एकदा मंजूर झालेल्या नमुन्यात फेरफार करता येत नाही."